एका कडेला दिवा

सिस्टरांच्या घरात काडेपेटी नव्हती. खोली द्यायच्या आधी त्यांनी मला तेवढी एकच अट घातली.

"माझ्या घरात काडी ओढायची न्हाई. स्टो न्हाई, उदबत्ती न्हाई, मच्छरांची कॉइल न्हाई. दिवाळीत पणतीसुदिक न्हाई. हाय कबूल?"

मी मान हलवली.

"तोंडानं बोल. मुंडी हलवायला माझ्या घरात दुसरा एक हाय."

हा दुसरा कोण, ते मला संध्याकाळी सामान आणल्यावर कळलं. पुढच्या खोलीत बांगड्यांच्या दुकानातलं एक जुनं काचेचं शोकेस आडवं ठेवलेलं होतं, आणि त्यात विटेवर बसून एक सरडा माझ्याकडे बघत मुंडी हलवत होता.

परभणीत मी कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या नोकरीवर आले होते. वडिलांच्या बदल्यांमुळे माझं सगळं शिक्षण गावोगावच्या कॉन्व्हेंट शाळांतून झालेलं. मराठी येत होती, पण प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यावं लागे, आणि तोवर समोरचं माणूस पुढच्या विषयावर गेलेलं असे. त्यामुळे मी कमी बोलायची. सिस्टरांना ते चालत होतं, कारण त्यांनाही थांबून ऐकायला सवड नसे. त्या सतत चालत असत.

म्हणजे खरंच चालत असत. चहा चालत प्यायच्या. भाकरीवर चटणी घेऊन उभ्याने जेवायच्या, आणि दोन घासांच्या मधे एक फेरी मारून यायच्या. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली होती. नोकरी संपली तरी वॉर्डातली फेरी संपली नव्हती. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, तिथून न्हाणीपर्यंत, परत पुढच्या दाराशी. कडी बघायची, ओढून बघायची, वळायचं. रबरी चपलांच्या चटचट आवाजावरून मला भिंतीपलीकडून त्या कुठे आहेत ते कळायचं. आवाज चालू असला की वाचनात लक्ष लागायचं नाही, आणि थांबला की काय झालं म्हणून मी उठून उभी राहायची.

त्यांच्या छातीशी पिनेने अडकवलेलं एक उलटं घड्याळ असे. बोलता बोलता त्यांची नजर तिकडे जायची. सुरुवातीला वाटलं, त्यांना माझा कंटाळा येतो. मग लक्षात आलं की त्या समोरच्याचे श्वास मोजतात. दूधवाल्याचे, दारात आलेल्या पोस्टमनचे, माझे.

"लय उथळ श्वास घेतीस तू," एकदा म्हणाल्या. "कुणाचा चोरून घेतल्यावानी. तुझ्या वाटणीचाच हाय तो."

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती नावांनी नाही, जन्मांनी. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं मला फार अवघड वाटे. भाजीवाल्यासमोर उभ्या राहून मोठ्याने सांगायच्या, "ह्यो पार निळा आलता. पाठीवर चापट मारून मारून रडवला. आता बघ, गिऱ्हाइकाला रडवायलाय." तो मिशीवाला गडी मान खाली घालून एक जुडी जास्त टाकायचा. एखादी जाडजूड बाई दिसली की, "ही सातव्या महिन्यातली. मुठीत मावत हुती. आता दारात मावंना."

सरड्याला त्या 'पेशंट' म्हणत. शाळेतून येणाऱ्या पोरांनी त्याला कुंपणावर दगडांनी ठेचला होता. सिस्टरांनी पोरांना पिटाळलं, त्याला पदरात उचलून आणलं आणि खराट्याच्या काडीची खपची करून पाय बांधला. पाय वाचला नाही, सरडा वाचला. पण मागच्या एका पायाविना त्याला झाडावर चढता येईना. बाहेर सोडला तर मांजराचं नाहीतर कावळ्याचं काम एका दिवसात होणार, म्हणून तो राहिला.

शेजारच्या वहिनी दारातून टोमणा मारायच्या, "काय सिस्टर, परभणीतली लेकरं संपली का, म्हणून सरडा सांभाळायला घेतला?"

"तुमच्या चौथ्यापरीस गुणाचा हाय. रातभर रडत न्हाई."

वहिनींना राग यायचा नाही. चौथं सिस्टरांच्याच हातचं होतं.

मी राहायला गेले त्या वर्षी थंडी लवकर पडली. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. उन्हाळ्यात जी फरशी पाय भाजते, तीच जानेवारीत पायातून वर चढते. सिस्टरांनी पेशंटसाठी तयारी सुरू केली.

तयारी कशी करायची हे त्यांना कुणाला विचारावं लागणार नव्हतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकरांसाठी त्यांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं एक लाकडी पेटी होती. दोन्ही अंगांना बल्ब, आत कापूस, वर टॉवेल. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत काचेची यंत्रं आली तरी इथे पुष्कळ दिवस हीच पेटी. त्यांनी शोकेस तसंच तयार केलं. डाव्या टोकाला एक बल्ब, उजव्या टोकाला एक, काचेला आतून घोंगडीचा तुकडा, वर टॉवेल, आणि दिवसरात्र उजेड.

"सगळीकडं सारखी ऊब पायजे," आतल्या हवेत कोपर धरून त्या मला सांगत होत्या. न्हाऊ घालायचं पाणी बघतात तसं. "एक कोपरा गार राह्यला की लेकरू हातचं गेलं."

पेशंट मात्र सुधारेना. दिवसभर तोंड वासून बसायचा. समोर ठेवलेला नाकतोडा त्याच्या पाठीवर चढून बसला तरी बघायचा नाही. आणि बसला नसेल तेव्हा काचेला नाक घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पायांनी चालायचा. नाकाची कातडी सोलून निघाली. आत तो फिरायचा, बाहेर सिस्टर फिरायच्या, आणि भिंतीपलीकडे मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायची. त्या घरात कुणालाच एका जागी ठरता येत नव्हतं.

"ऊब कमी पडायली," असं म्हणून त्यांनी साठचे बल्ब काढून शंभरचे लावले.

मला तसं वाटत नव्हतं. कॉलेजातून आल्यावर मी रोज त्या काचेसमोर थोडा वेळ उभी राहत असे. माणसांपेक्षा त्याच्याकडे बघणं सोपं होतं. वाटायचं, हा काहीतरी शोधतोय आणि ते आत नाही. पण ज्या बाईच्या पेटीतून निम्मं गाव जगून बाहेर पडलं, तिला मी काय सांगणार? मी वाक्य जुळवत राहिले.

मग एका संध्याकाळी व्होल्टेज एकदम वाढलं आणि डाव्या टोकाचा बल्ब उडाला. सिस्टर कुणाच्या तरी सुनेला बघायला गेल्या होत्या. मी काचेतून आत बघितलं. पेशंट डाव्या बाजूच्या अंधारात, घोंगडीच्या घडीत शिरून बसला होता. तोंड मिटलेलं, डोळे मिटलेले. इतका शांत मी त्याला कधी बघितला नव्हता.

सिस्टर आल्या, बंद बल्ब बघितला आणि लगेच फळीवरचा नवा काढायला निघाल्या.

"सिस्टर, राहू द्या."

"काय?"

"बल्ब. नका लावू. बघा ना, तो..." वाक्य जुळवायचं राहिलंच. मी नुसतं बोट दाखवलं.

त्या वाकल्या. घड्याळ वळवून त्याच्या बरगड्यांच्या हालचाली मोजल्या. परत मोजल्या. तेवढ्यात पेशंट उठला, हळूहळू उजेडाच्या बाजूला गेला, बल्बखालच्या विटेवर अंग पसरून बसला. काळपट होता तो बघता बघता पिवळसर झाला. मग त्याने समोरचा नाकतोडा गिळला, जरा वेळ शेकला आणि पुन्हा अंधाराकडे निघून गेला.

सिस्टर खाली बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं बघत होते. जमिनीवर, भिंतीला टेकून.

"लेकरू ठेवलं तिथं राहतंय गं," त्या म्हणाल्या. "ह्याला पाय हायत. अंग तापलं की ह्यो पळणार. आन मी दोन्हीकडून..."

त्यांनी काचेतल्या विझलेल्या बल्बकडे बघितलं.

"पळायला जागाच न्हाई ठेवली मी त्याला."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिथे थांबवेना. मी विजेच्या शेगडीवर चहा ठेवायला आत गेले. एका सरड्यासाठी एवढं वाईट का वाटावं, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

त्यानंतर पेटीचं रूप बदललं. बल्ब एकच, उजव्या कडेला, आणि त्यावर भाजायला नको म्हणून पिठाच्या जुन्या चाळणीची जाळी. खाली शहाबादी फरशीचा तुकडा. डावी कड गार, तिथे फुटकं कौल उपडं घातलेलं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं आणि बल्ब नारिंगी झाला की साठचा काढून शंभरचा, सकाळी पुन्हा साठचा. रात्री उजेड बंद, कारण अंधारातच तो नीट झोपतो हेही आता त्यांना दिसलं होतं. त्या वेळी एक वीट फडक्यात गुंडाळून आत जायची. दिवसभर बल्बखाली तापलेली. आणि सकाळी ऊन आलं की पेशंट एका डालीत बसून गच्चीवर. "काचेतून ऊन न्हाई द्यायचं. पिवळं पडलेलं लेकरू आमी कधी खिडकीआड ठेवलं न्हाई, उघड्या अंगाला ऊन पायजे." डालीच्या अर्ध्या भागावर त्या नोकरीतल्या जुन्या पांढऱ्या साडीचा पदर टाकायच्या. अर्धं ऊन, अर्धी सावली.

मला गंमत वाटली ती ही की तेव्हापासून त्या माझ्या खोलीत विचारून येऊ लागल्या. आधी सरळ आत येऊन माझी खिडकी लावायच्या, अंगावर पांघरूण घालायच्या, दिवा चालू ठेवून जायच्या. आता दारात उभ्या राहून म्हणायच्या, "गार वाटायलंय का? न्हाई? मग राहू दे."

या सगळ्या वायरिंगसाठी एक वायरमन येत असे. पलीकडच्या वस्तीतला, विशीतला, सतत हसणारा. सिस्टर त्याला हक्काने राबवायच्या.

"सिस्टर, सरड्याला वेगळा पॉइंट? माझ्या आईच्या चुलीजवळ अजून बल्ब न्हाई."

"गप लाव. तू पायाळू आलास, तवापासून सगळं उलटंच बोलतूस. ह्या हातानं पाय धरून काढला तुला."

"माहीत हाय. सगळ्या परभणीला माहीत हाय."

एकदा त्या बाहेर गेलेल्या असताना तो स्टुलावर चढून तार जोडत होता. मी धीर करून विचारलं की सिस्टर घरात काडी का ओढू देत नाहीत.

त्याचं हसणं थांबलं. तारेवरची नजर न काढता तो म्हणाला, "तुमाला सांगितलं न्हाई त्यांनी? विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला ना, त्या साली त्यांच्या आईचं घर जाळलं. चुडाव्याला उतरून पुढं जावं लागतंय, तिकडं. आमची सगळी घरं हुती त्या कडंला. ह्या इथं ड्यूटीवर. आई कुडातून बाहेर पडली, वाचली. शेळी हुती मागं, दाव्याला बांधलेली. तिला कुणी सोडायला गावलं न्हाई." त्याने टेप गुंडाळली. "सिस्टर तिथं पोचल्या तवा दावं निम्मं तसंच खुंट्याला हुतं म्हणतेत. मी ल्हान हुतो. आई सांगती."

मी शोकेसकडे बघितलं. मग तो दुसरंच काही बोलू लागला, मीही बोलू दिलं.

मी तिथे असतानाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, गाव पुन्हा त्या ठरावाच्या सालासारखं झालं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागणार, अशी कुजबुज होती. नेहमी हसून बोलणारी माणसं कॉलेजात वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली. कोण कुठल्या बाजूचा हे विचारायची गरज राहिली नव्हती, गप्पा कुठे थांबतात त्यावरून समजायचं. वडिलांचा कॉलेजच्या फोनवर निरोप आला, निघून ये. मी बॅग भरली. मग बंद पुकारला गेला, एस.टी. थांबल्या, आणि बॅग पलंगाखाली तशीच राहिली. मी दर थोड्या वेळाने ती ओढून बघायची, आहे का. सिस्टर कडी बघायच्या, मी बॅग बघायची.

बंदच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरची विजेची डी.पी. मोठा आवाज करून उडाली. सगळी गल्ली अंधारात. वायरमनला निरोप धाडला, पण त्याच्या वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती, कुणी बाहेर येत नव्हतं.

पहिला दिवस वहिनींमुळे निभावला. त्यांनी चुलीवर पाणी तापवून दिलं. सिस्टरांनी ते सलाइनच्या जुन्या काचेच्या बाटल्यांत भरलं, बाटल्यांना पायमोजे घातले आणि एका कडेला मांडल्या. पण संध्याकाळी वहिनींचे दीर मोटरसायकल घेऊन आले आणि त्यांना, मुलांना पिंगळीला घेऊन गेले. कुलूप लावताना वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, तुमी पण चला." सिस्टर म्हणाल्या, "पेशंट सोडून?" दोघींनाही माहीत होतं की हे काही खरं कारण नव्हतं, पिंगळी दुसऱ्या बाजूची होती. वहिनी निघून गेल्या. बाकीची दारं लागलेली होती, आणि त्या दिवसांत कुणाच्या दारावर थाप मारणं म्हणजे आतल्या माणसांना घाबरवणं.

दुसऱ्या दिवशी ऊन निघालंच नाही. धुकं गच्चीला टेकलं होतं. शेगडी बंद, म्हणून आम्ही गूळ-मुरमुरे खाल्ले. बाटल्या थंडगार. सिस्टरांना रात्रीपासून खोकला होता. त्यांनी कौल उचललं.

पेशंट काळा पडला होता. पाय ताठ, शेपटी काडीसारखी, डोळे मिटलेले. मी बोटाने हलवलं तर सगळा एकदम हलला, लाकूड हलावं तसा.

"गेला," मी म्हणाले.

"थंड हाय म्हणून मेलं म्हणायचं न्हाई," सिस्टर एकदम वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या. "आधी ऊब द्यायची. ऊब देऊन बी न्हाई उठलं, तर मग म्हणायचं."

त्यांनी त्याला उचलून पदराखाली छातीशी धरला, वरून शाल गुंडाळली आणि चालू लागल्या. पुढची खोली, मागची खोली, न्हाणी, दार. खोकल्याने मधेच थांबायच्या. मी नुसती बघत होते. पुष्कळ वेळाने त्यांनी त्याला बाहेर काढलं. तसाच काळा. त्यांनी स्वतःचा हात माझ्या गालाला लावला. हात बर्फासारखा होता.

"माझ्यातच राह्यली न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तू घे."

"मी?"

"मग कोण? वॉर्डात लाइट गेली की आईच्या छातीशी द्यायचो लेकरू. आई तापानं फणफणली असली तर मावशी, मावशी नसली तर मी. तुझ्यात हाय ऊब. स्वेटरच्या आत, अंगाला लाव."

मला कुणी खांद्याला हात लावला तरी मी आक्रसून घेत असे. सिस्टरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढे केला नाही. सरडा तळहातावर धरून नुसत्या उभ्या राहिल्या. 'घेतलंच पाहिजे' असं त्या म्हणाल्या असत्या तर मी कदाचित नाही म्हटलं असतं.

मी स्वेटरची वरची बटणं काढली.

तो खडबडीत आणि थंड होता. एखादा ओला खडा गळ्याखाली ठेवावा तसा. मी पलंगाच्या कडेवर बसले. सिस्टर समोर जमिनीवर बसल्या आणि घड्याळ वळवलं. मला वाटलं त्याचे श्वास मोजणार, पण तो दिसत नव्हता. त्या माझे मोजत होत्या.

"मोठा घे. पोटातून. तुझा श्वास लागू दे त्याला."

बाहेर लांबून घोषणा ऐकू आल्या, मग शिट्टी, मग धावणारे पाय. मला उठून कडी बघायची होती, खिडकीच्या फटीतून बघायचं होतं, बॅग ओढायची होती. काहीच करता येत नव्हतं. मी हलले तर ऊब मोडणार होती. मी श्वास घेत राहिले. सिस्टरही जागच्या हलल्या नाहीत.

कधीतरी गळ्याच्या हाडाजवळ काहीतरी टोचलं. मला वाटलं बटण. मग ते पुन्हा टोचलं, आणि सरकलं.

"सिस्टर, नख!"

"हलू नको, वेडे! हलू नको," त्या म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून खोकत राहिल्या. खोकतच होत्या की काय, ते मी बघितलं नाही.

संध्याकाळ झाली. पेशंट स्वेटरच्या आत जागा होता, पण बाहेर काढला की लगेच काळवंडत होता. सिस्टरांचा सेलवरचा ट्रान्झिस्टर खरखरत होता. त्यातून बातमी आली की विद्यापीठाला नाव मिळालं. जुन्या नावाला जोडून, पण मिळालं. मग वस्तीकडून फटाक्यांचा आवाज आला. सिस्टर दचकून उठल्या आणि कडी ओढून बघितली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सिस्टरांचा हात कडीवरच राहिला.

"सिस्टर, मी हाय! पायाळू!"

त्यांनी दार उघडलं. वायरमन धापा टाकत होता, एका हातात तिळगुळाची पुडी, दुसऱ्या हातात मेणबत्त्या.

"झालं की हो सिस्टर! नाव झालं!"

"अख्खं दिलं?"

"न्हाई. अर्धं हाय. काही जण नाराज हायत आमच्यातले. पण दिलं."

"अर्धं तर अर्धं," सिस्टर म्हणाल्या. "सातव्या महिन्यात आलेलं बी जगवतोच की आपण." तिळगूळ त्यांनी हातात घेतला, तोंडात टाकला नाही. "लाइट?"

"उद्याच्याला. आज आमच्या वस्तीत सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्यात. लय भारी दिसायलंय. तुमच्या उंबऱ्यावर..." तो अडखळला. त्याला अट आठवली असावी. मेणबत्त्या त्याने पाठीमागे नेल्या. "राहू द्या. सहज म्हणलो."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. स्वेटरच्या फुगवट्याकडे बघितलं.

"ह्या पोरीनं सकाळपर्यंत असंच बसायचं का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या.

न्हाणीतून बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यांनी भरलेली बादली आणून शोकेसजवळ ठेवली. मागचं दार उघडलं. पुढचं दार सताड उघडं करून त्याला वीट लावली. थंड वारा घरातून आरपार जाऊ लागला.

"लाव," त्या म्हणाल्या.

त्याने काडी ओढली. तेवढ्या आवाजाने त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं इतकी घट्ट होती की दुसऱ्या दिवशीही ती जागा दुखत होती. काडी विझेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. हे मला माहीत आहे, कारण त्या वेळी मी मोजत होते.

तुळशीची एक रिकामी कुंडी गच्चीवर पडलेली होती. वायरमनने ती आणली, मेणबत्ती एका वाटीत रोवली आणि शोकेसमध्ये मधोमध मांडायला निघाला; दोन्हीकडे विटा आणि त्यांवर कुंडी उपडी, म्हणजे माती तापेल.

"मधी नको," सिस्टर म्हणाल्या. "एका कडंला. उजव्या. दुसरी कड त्याची हाय."

कुंडी तापायला वेळ लागला. त्यांनी आत कोपर धरून बघितलं. पहिल्यांदा झटक्यात मागे घेतलं, मग पुन्हा धरलं आणि ठेवलं. "आता सोड."

मी पेशंटला कुंडीजवळच्या फरशीवर ठेवला. तो पोट टेकवून बसला. पाठीवरचा काळेपणा एका बाजूने उतरू लागला, कुंडीच्या बाजूने. थोड्या वेळाने त्याने मुंडी वर केली, दोनदा हलवली, आणि तीन पायांनी वळून हळूहळू गार कडेला, कौलाखाली निघून गेला.

"आयला," वायरमन म्हणाला, "एवढं केलं त्याच्यासाठी, आन ह्यो चालला बघा."

"जाऊ दे त्याला," सिस्टर म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तिळगूळ अजून मुठीतच होता. तो त्यांनी आता तोंडात टाकला. "परत येईल गार वाटलं की."

वारा येत होता म्हणून मी पुढचं दार लोटायला उठले.

"ऱ्हाऊ दे उघडं," त्या म्हणाल्या. "बस तू."